लाभार्थी आणि विद्यार्थी

पत्रिकेत आजचा विषय ‘दिव्यांगांचे स्वावलंबन आणि सहाय्यक साधने’ असा छापला आहे. संयोजकांनी तो योग्यच दिला. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या हाती विषय आला की ते आधी शब्द तपासायला घेतात, आणि आम्हीही तेच करणार आहोत. या विषयात मराठीत तीन शब्द फार वापरात आहेत: साहित्य, लाभार्थी आणि स्वावलंबन. ‘साहित्य’ म्हटलं की आमच्यासारख्यांना पुस्तकं आठवतात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तोच शब्द उच्चारला की कुबड्या, पांढऱ्या काठ्या, तीनचाकी सायकली आणि कानाची मशिनं डोळ्यांपुढे येतात. ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दलही पुष्कळ बोलता येईल. अंगाला दिव्य म्हटल्यानं समोरच्या पायऱ्या कमी होत नाहीत, एवढं म्हणून तो बाजूला ठेवू.

तर हे जे साहित्य वाटप शिबिर असतं, ते आपण आज एखादा ग्रंथ वाचावा तसं वाचू. नियमावलीत काय लिहिलंय यापेक्षा शिबिराच्या दिवसाचं वेळापत्रक काय सांगतं ते पाहू. तालुक्याच्या गावी मांडव पडतो. मागे मोठा फलक, त्यावर मान्यवरांचे चेहरे. एका बाजूला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीनचाकी सायकली ओळीनं उभ्या. आष्टी-पाटोद्याच्या, वडवणी-धारूरच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं सकाळीच आणून बसवलेली. दोन तास भाषणं. मग नाव पुकारलं जातं. माणूस पुढे आणला जातो, त्याच्या हाती वस्तू दिली जाते, सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि पुढचं नाव. दुपारनंतर मांडव सोडायला सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते: इतक्या लाभार्थ्यांना साहित्य वाटप. त्यातलं एक क्रियापद आम्हाला फार बोलकं वाटतं. कार्यालयीन मराठीत वस्तू लाभार्थ्याच्या ‘स्वाधीन’ केली जाते. स्वाधीन म्हणजे स्वतःच्या अधीन. वस्तू त्या माणसाच्या अधीन होते असं कागद म्हणतो. खरोखर तसं होतं का, एवढाच आजचा प्रश्न.

गैरसमज नको. वाटप बंद करा असं कुणी आमच्या तोंडी घालू नये. १९८१ पासून केंद्र सरकारची साधनं देण्याची योजना चालू आहे, एडिप या नावानं ती ओळखली जाते. त्याआधी १९७२ साली कानपूरला कृत्रिम अवयव बनवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं, त्याला आपण अलिम्को म्हणतो. बीडसारख्या जिल्ह्यात हजारो घरांत जे काही पोचलं ते याच वाटेनं पोचलं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांवर होती. एवढ्या लोकांना बाजारभावानं वस्तू विकत घ्या म्हणणं म्हणजे त्यांना नाही म्हणणंच आहे. तेव्हा देणं हवंच. आमची टीका दिल्यानंतर जे घडत नाही त्यावर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली साधन-तुटवड्याच्या प्रदेशांत व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शिका काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत. माणूस शोधून नोंदवणं, त्याची तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैसे व मागणी, खुर्ची तयार करणं, ती अंगाला बसते का पाहून जुळवणं, ही झाली सहावी. सातवी पायरी वापर शिकवणं आणि आठवी नंतरची देखभाल-दुरुस्ती. आपल्या शिबिराची गाडी पाचवीपर्यंत जाते. सहावी झाली तर झाली. मोजमापाचं शिबिर एकदा होतं, वाटपाचं काही महिन्यांनी. नऊ वर्षांच्या मुलाचा पाय मधल्या काळात वाढायचा थांबत नाही. आणि सातवी-आठवी? त्यांचा फोटो काढता येत नाही हो. चाक अडलं असताना उंबरा कसा ओलांडायचा हे एका बाईला तीन आठवड्यांत जमलं, याची बातमी कोण छापणार?

इथं थोडं तत्त्वज्ञानात शिरतो, कारण या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. आंधळ्याची काठी हा तत्त्वज्ञांचा आवडता दृष्टांत. देकार्तनं १६३७ साली प्रकाशशास्त्रावर लिहिताना तो वापरला: डोळ्यांपर्यंत प्रकाश कसा पोचतो हे समजण्यासाठी काठीतून हातापर्यंत दगड, वाळू, पाणी कसं पोचतं ते पाहा. त्याच ओघात तो एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातो. डोळस माणूस अंधारात काठी घेऊन चालला तर त्याला होणारं ज्ञान धूसर असतं, कारण सराव नाही. जन्मांधाला मात्र ते इतकं स्पष्ट होतं की तो जणू हातांनी पाहतो. सराव हा शब्द देकार्तच्या हाती आला होता. पण त्याला प्रकाशाकडे जायचं होतं, तो पुढे निघून गेला. तीनशे वर्षांनी, १९४५ साली, मेर्लो-पाँतीनं तो धागा उचलला. त्याचं म्हणणं असं की सवय झाल्यावर काठी ही वस्तू उरत नाही. आंधळ्याला काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेली जमीन जाणवते. काठी शरीराचा भाग झालेली असते.

हे वर्णन आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. फार सुंदर आहे ते. पण टीका करायची तर तत्त्वज्ञांपासून सुरुवात करावी. काठी शरीराचा भाग ‘झालेली असते’, पण ती करवतो कोण? किती दिवसांत? कुठल्या रस्त्यावर? या प्रश्नाचं उत्तर पॅरिसच्या तत्त्वज्ञानं दिलं नाही. ते जवळपास त्याच वर्षांत अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात एका शिक्षकानं दिलं होतं. रिचर्ड हूव्हर हे सैन्यात येण्यापूर्वी अंधशाळेत शिकवत. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या जवानांना चालायला शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी काठी लांब केली, पार छातीच्या हाडापर्यंत येईल अशी, आणि ती आधाराला टेकायची नसून पुढची जमीन तपासायची आहे हे ठरवलं. मग तिची पद्धत बसवली. काठीचं टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद अशा कमानीत डावी-उजवीकडे जायचं. उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे, डावं पाऊल पडताना उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधीच तपासून झालेली. ऐकायला अर्ध्या मिनिटाची गोष्ट. अंगात मुरायला आठवडे लागतात, आणि शिकवणारा रोज मागे-पुढे चालावा लागतो. आधी घराच्या भिंतीलगत, मग गल्लीत, मग वाहनांच्या रस्त्यावर, शेवटी एसटी स्टँडवर.

गिल्बर्ट राइलनं ‘अमुक आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं ते येणं’ यांत भेद केला. पोहण्याविषयीचं पुस्तक पाठ असून माणूस विहिरीत बुडू शकतो. शिबिरात फार तर पहिल्या प्रकारचं ज्ञान मिळतं: ही कळ दाबा, हा पट्टा बांधा. दुसरं ज्ञान शरीरात जावं लागतं. त्याला गुरू लागतो, चुका करायला जागा लागते, आणि चुका होताना कुणी हसणार नाही अशी सोबत लागते.

आम्ही स्वतः गेली काही वर्षं कानात यंत्र घालतो. हे सांगायचं कारण एवढंच की त्यावर आम्हाला थोडं अधिकारानं बोलता येतं. पहिले काही दिवस माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण स्टीलच्या ताटांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो. पंखा, पिशवीची चुरचुर, स्वतःचं चावणं, सगळं एकदम. कानानं जे ऐकणं सोडून दिलेलं असतं ते मेंदूला पुन्हा गाळायला शिकावं लागतं. त्यासाठी आधी शांत खोलीत एका माणसाशी तासभर, मग घरात, मग लग्नकार्यात, असं चढत जावं लागतं. मशीनचं सेटिंग दोन-तीनदा बदलून घ्यावं लागतं. शहरात तज्ज्ञ चार चौकांवर असतो. शिरूर कासारच्या एखाद्या म्हाताऱ्यानं शिबिरातलं मशीन दोन दिवस घालून ताकातल्या डब्यामागे ठेवून दिलं, तर त्याला आपण अडाणी म्हणायचं की आपल्या शिकवण्याला? त्याला कुणी ‘पहिले पंधरा दिवस त्रास होईल, तो व्हायलाच हवा’ एवढं तरी सांगितलं होतं का? बॅटरीवरचा चिकट कागद एकदा काढला की ती वापरा न वापरा, उतरत जाते, हे तरी?

आता जरा सावकाश बोलण्यासारखा भाग येतो, तो मोबाईलचा. आज अंध माणसाच्या हाती असलेलं सर्वांत मोठं साधन हे कुठल्याही शिबिरात मिळालेलं नसतं. ते गावच्या दुकानातून घेतलेल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं. टॉकबॅक नावाची सोय सुरू केली की फोन पडद्यावर काय आहे ते बोलून सांगतो, मराठीतही. संगणकासाठी एनव्हीडीए आहे, ते २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं आणि फुकट ठेवलं. म्हणजे किंमत हा अडथळा इथं बराचसा गेला. तरी खेड्यातले कितीतरी अंध तरुण आजही नंबर लावायला भाच्याला हाक मारतात. का?

कारण टॉकबॅक सुरू झाला की फोनचे नियम पालटतात. एकदा स्पर्श केला की फोन फक्त नाव सांगतो, उघडायला लागोपाठ दोनदा टिचकी मारायची. एका बोटानं उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे की मागची. पान वर-खाली करायला दोन बोटं. शिकणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस हा केवळ गोंगाट वाटतो. आणि खरी अडचण तो शिकत असताना घरातल्या डोळस माणसांची होते. घरात फोन एकच. भाऊ तो हातात घेतो, एका टिचकीत काही उघडत नाही, फोन बडबडत सुटतो. भाऊ म्हणतो फोन बिघडला, आणि दुकानात नेऊन ते ‘बंद करून’ आणतो. आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद एकत्र दाबल्या की टॉकबॅक चालू-बंद करण्याची सोय असते, हे त्या भावाला सांगायला हवं होतं. म्हणजे पाहा, विद्यार्थी एक दिसतो पण शिकवायचं असतं अख्ख्या घराला. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. साधन एका माणसाला दिलं तरी ते एका घरात जातं, आणि त्या घराचे स्वतःचे नियम असतात.

त्या घरातली सत्ताही असते. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान बँकेच्या खात्यात जमा होतं. संदेश फोनवर येतो. तो वाचतो कोण? ओटीपी कुणाच्या तोंडून कळतो? पैसे काढायला गेल्यावर नोटा मोजतं कोण? ज्याच्या नावानं खातं आहे त्यानं आपल्या खात्यात किती आहेत हे दुसऱ्याला विचारायचं, आणि सांगेल ते खरं मानायचं. बहुतेक घरांत सांगणारा प्रामाणिकच असेल. पण माणसाचा व्यवहार दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंभर टक्के टांगलेला असणं, याला आपण काय म्हणणार? एका कानात इयरफोन, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा, आणि बँकेचा संदेश स्वतः ऐकणं, ही आमच्या मते या जिल्ह्यात शिकवण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२० साली ‘मनी’ नावाचं ॲप काढलं, ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते सांगतं. नोट खरी की खोटी ते सांगत नाही. ही मर्यादाही शिकवण्याचाच भाग. साधन काय करत नाही हे ज्याला ठाऊक असतं त्याचीच त्यावर हुकमत असते.

आता तिसऱ्या शब्दाकडे येऊ. स्वावलंबन. अपंगत्वाचं जे ओळखपत्र मिळतं, यूडीआयडी, त्याच्या सरकारी पोर्टलच्या नावातच स्वावलंबन आहे. गांधींपासून कर्मवीरांपर्यंत या शब्दाला मोठी परंपरा, त्यामुळे तो आपण न तपासता वापरतो. स्वतःवर अवलंबून राहणं. पण असं कोण राहतं? आम्ही इथं बोलतो आहोत ते या माईकवर अवलंबून, वीजमंडळावर अवलंबून, सकाळी कुणीतरी केलेल्या चहावर अवलंबून. धडधाकट माणसाचं अवलंबन दिसत नाही एवढंच, कारण सगळी रचना त्याच्या मापानं शिवलेली असते. मग अपंग माणसानंच तेवढं कुणावर अवलंबून नसावं ही मागणी कुठून आली?

ज्या चळवळीतून ‘स्वतंत्र जगणं’ ही कल्पना जगभर गेली, तिचा अर्थ वेगळा होता. एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हालचाल नसलेला माणूस. १९६२ साली तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आला. श्वासासाठी त्याला रोज लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपावं लागे, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची राहण्याची सोय केली. पुढे १९७२ साली त्याच्यासारख्यांनी तिथं पहिलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. या माणसाला स्वतःच्या हातानं घासही घेता येत नव्हता. तरी तो स्वतंत्र होता, कारण मदतीला कोण येणार, केव्हा येणार, काय करणार हे तो ठरवत होता. आमच्या मते मराठीत याला स्वावलंबन म्हणणं ही चूक आहे. स्वाधीनता म्हणावं. कुबडी टाकून देणं हे स्वावलंबन. कुबडी कोणती, किती उंचीची, आज घ्यायची की चाकाची खुर्ची घ्यायची हे आपलं आपण ठरवणं ही स्वाधीनता. अमर्त्य सेन सांगतात की तेवढ्याच पैशांत अपंग माणसाला कमी जगणं मिळतं, कारण मिळालेल्या गोष्टीचं जगण्यात रूपांतर करायला त्याला जास्त खर्च येतो. शिकवणं हा त्या रूपांतराचाच खर्च आहे. साधनाच्या किमतीत तो धरायला हवा.

आपल्याकडे सांख्यांचा पंगु-अंध न्याय आहे. ईश्वरकृष्णाच्या एकविसाव्या कारिकेत तो येतो. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, एक पाहतो, एक चालतो, दोघे अरण्यातून बाहेर पडतात. पुरुष आणि प्रकृती यांचं नातं सांगायला केलेली ही योजना. दीड हजार वर्षं आम्ही पंडित लोक हा दृष्टांत देतो आहोत, आणि त्या दोन माणसांचा विचार कुणी केला नाही. पहिल्या दिवशी ते किती वेळा पडले असतील? ‘डावीकडे’ म्हणजे कुणाच्या डावीकडे, हे त्यांना ठरवावं लागलं असेल की नाही? फांदी येते आहे हे वरच्यानं स्वतःचं डोकं वाचवायला सांगायचं की खालच्याच्या पायाशी दगड आहे हे आधी सांगायचं? सगळं शिक्षण तिथंच झालं. आणि एक गोष्ट: त्या कथेत दोघांपैकी कुणीही लाभार्थी नाही.

हे सगळं बीडमध्ये आणून ठेवलं की प्रश्न आणखी अवघड होतो. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला जातात. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, कर्नाटक. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडी. तिथला हिशेब कोयत्यावर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा गेला तर अर्धा कोयता. या मोजमापात पाय गेलेल्या माणसाचं काय? त्याच्यामुळे जोडी मोडते. बायको भावाबरोबर, दिराबरोबर कोयता लावते किंवा घरीच थांबते, मग उचल नाही. नाहीतर तो मागे गावात राहतो, म्हाताऱ्या आईजवळ, दोन लेकरांना घेऊन. त्या सहा महिन्यांत गावात तरुण हात कमी असतात. हापशावरून पाणी कोण आणणार, रेशन कोण आणणार, आई आजारी पडली तर फोन कोण लावणार?

अशा घरात ‘स्वतंत्र जगणं’ ही बर्कलीची चैन नाही. तिथं ते कार्तिकात सुरू होतं आणि चैत्रापर्यंत पुरवावं लागतं. आणि म्हणूनच आम्ही म्हणतो की शिकवायचं काय हे कानपूरला किंवा मुंबईला ठरू शकत नाही. मुंबईतल्या व्हीलचेअर प्रशिक्षणात लिफ्ट येते, रेल्वेचा फलाट येतो. धारूरच्या घाटाखाली शिकवायचं ते वेगळं: काळ्या मातीत पावसानंतर पुढची लहान चाकं रुततात तेव्हा खुर्ची मागच्या दोन चाकांवर तोलून कशी न्यायची. चुलीजवळ बसकं काम असतं, तेव्हा खुर्चीतून जमिनीवर आणि जमिनीवरून खुर्चीत एकट्यानं कसं यायचं. कमरेखाली संवेदना नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बैठक उचलायची, नाहीतर जखम होते आणि ती जखम माणूस नेते. ही शेवटची गोष्ट न शिकवता ज्याला खुर्ची दिली त्याला आपण काय दिलं, याचा विचार करावा.

आमच्या या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शिकवा, शिकवा असं म्हणत राहिलात तर उद्या घर म्हणेल, सरकारही म्हणेल: तुला शिकवलं, फोन दिला, आता तुझं तू बघ. स्वातंत्र्याच्या नावाखाली सोडून देणं. हा धोका खरा आहे. आपल्याकडे म्हातारपणाच्या बाबतीत तो आपण पाहतोच आहोत. दुसरं, ज्यांची बौद्धिक वाढ मर्यादित आहे, ज्यांना बहुविकलांगता आहे, त्यांचं काय? त्यातल्या काहींना आपल्या अर्थानं एकट्यानं कधीच राहता येणार नाही. स्वावलंबन हाच कस असेल तर ही माणसं कायमची नापास. इथंच तो शब्द बदलण्याची गरज दिसते. बोलता न येणाऱ्या मुलीपुढे दोन चित्रं ठेवली, एक भाकरीचं, एक भाताचं, आणि तिनं बोट ठेवलं, तर ती स्वाधीन झाली. तेवढ्यापुरती, पण झाली. भरवणार आईच आहे. आई थकली तर कोण, याची जबाबदारी त्या चित्रांनी कुणाच्याच अंगावरून उतरत नाही, आणि ज्यांना ती उतरवायची आहे त्यांनी आमच्या व्याख्यानाचा आधार घेऊ नये.

मग शिकवणार कोण? आमचं उत्तर स्पष्ट आहे: जो ते साधन वापरतो तो. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलं असेल. ऐन शाळा-कॉलेजच्या वयात त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली. डॉक्टर झाले, उपचार झाले; पण आयुष्य फिरलं ते बाबूकाका दिवाण भेटले तेव्हा. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीतले. त्यांनी दिला त्याला सल्ला म्हणता येणार नाही, त्यांचं वावरणं हाच पाठ होता. पुढे १९८४ साली कोल्हापुरात नसीमादीदींनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, तीही याच रीतीनं. डोळस शिक्षक काठी कशी धरायची ते सांगू शकतो. ‘पहिल्यांदा बाजारात गेल्यावर लोक बघतात, तिसऱ्या आठवड्यात बघेनासे होतात’ हे दुसरा अंधच सांगू शकतो. हे एक वाक्य कधीकधी सगळ्या प्रशिक्षणाएवढं असतं.

शाळेतल्या मुलांसाठी गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक फिरतात. थोडे आहेत, पण आहेत. अठरा ओलांडली की त्या माणसाला शिकवणारं गावपातळीवर कुणी उरत नाही. तिसाव्या वर्षी ट्रॅक्टरखाली पाय गेलेला, पन्नाशीत साखरेनं दृष्टी गेलेला, हे तर कुठल्याच हजेरीपटावर नसतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी राखायचा आहे. तो पुष्कळदा माणशी वाटून संपवण्याकडे कल असतो, कारण वाटलं की सही मिळते. पाच-सात गावांनी मिळून त्यातून एका प्रशिक्षित अंध तरुणाला आणि एका खुर्ची वापरणाऱ्या बाईला महिन्याचं मानधन दिलं तर? महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. या विभागाकडे मागण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि ती नवीन इमारतीपेक्षा स्वस्त आहे.

दुरुस्तीचंही तसंच. तीनचाकीची साखळी उतरली, टायर गेला, तर तिला कानपूर लागत नाही. गावचा पंक्चरवाला लागतो. कॅलिपरचा पट्टा तुटला तर चांभार लागतो, खुर्चीचा सांधा गेला तर वेल्डिंगवाला. या तिघांना एक दिवस बसवून दाखवलं पाहिजे की कॅलिपरच्या बुटाची टाच का घासू द्यायची नाही, खुर्चीचा ब्रेक कुठं घट्ट करायचा. त्यांच्या हाताला कौशल्य आहेच, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नाही.

प्रश्न वर्ग केव्हा भरवायचा हाही आहे. आम्हाला विचाराल तर आखाजी झाल्यावर. कोयते परत आलेले असतात, घर भरलेलं असतं, भाऊ-भावजय-सासू सगळी हाताशी असतात, म्हणजे फोन ‘बिघडला’ म्हणून बंद करणारेही शिकतील. पेरणीचे आठ-दहा दिवस सोडावेत. पावसाळ्यात चिखल असेल, तो हवाच, कारण चाक शिकायचं ते चिखलात. गणपतीपर्यंत घर, गल्ली, दुकान एवढं व्हावं. नवरात्रापर्यंत बँक आणि एसटी. दसऱ्याला गाड्या भरल्या जाण्याआधी ज्याला मागे राहायचं आहे त्यानं एकदा एकट्यानं तालुक्याला जाऊन, पैसे काढून, औषध घेऊन परत यावं, आणि शिकवणाऱ्यानं त्या दिवशी मुद्दाम सोबत जाऊ नये, फक्त फोन चालू ठेवावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणी मगाशी हात वर केला होता.